जुनी बटणवाली

"घर त्या मोठ्या प्रोग्रॅमचं असतं गं वहिनी. आपण पाहुण्यासारखं जायचं. तो म्हणेल तेव्हा बसायचं, तो म्हणेल तेव्हा उठायचं, आणि निघताना आपलं अंथरूण आपणच गुंडाळून ठेवायचं."

"आणि बोलायचं कुठल्या भाषेत?"

"दारात साधी सी. आत गेल्यावर ऑब्जेक्टिव्ह-सी."

"म्हणजे उंबऱ्यावर सासरची आणि आत माहेरची." वहिनीनं मटाराची शेंग फोडली आणि दाणे परातीत ढकलले. "मग त्यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? बायका जन्मभर तेच करतात."

धाकटी हसली नाही, तेव्हा वहिनीनं ओळखलं की आज मामला जड आहे.

धाकटी वयानं काही धाकटी राहिली नव्हती. पन्नाशी मागं टाकून तिला बरीच वर्षं झाली होती. पण भावंडांत शेवटची म्हणून जे नाव चिकटलं ते चिकटलं. आता त्या नावानं हाक मारणारा एकच उरला होता, थोरला भाऊ, म्हणजे दादा. आणि हाक मारताना 'ध'वर त्याची गाडी हमखास अडायची. ध, ध, ध करत तो डोळे मिटायचा, मान एका बाजूला ओढायचा, आणि मग सगळा शब्द एकदम सांडायचा. धाकटी लहानपणापासून तेवढा वेळ थांबायला शिकली होती. शब्द त्याच्या तोंडात घालायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते आपोआप कळलेलं.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. खाली त्याचं दुकान, वर ही लांबट खोली. खोलीच्या एका टोकाला धाकटीचं टेबल आणि संगणक, दुसऱ्या टोकाला दोरीवर वहिनीच्या चादरी. खाली मशीनचं चाक फिरलं की फरशीतून घरघर वर यायची आणि टेबलाखाली सोडलेल्या धाकटीच्या तळव्यांना लागायची. तेवढ्यावरून तिला समजायचं, आज खाली कसलं मशीन आलंय आणि ते दादाचं ऐकतंय की नाही. दुपारी उन्हाचा पट्टा सरकत चादरींवर यायचा, सगळी खोली दुधाळ व्हायची, आणि काम करता करता तिला वाटायचं, आपण एका मोठ्या, संथ मशीनच्या पोटात बसलोय आणि कुणीतरी बाहेरून हळूहळू पायडल मारतंय.

तरुणपणी ती वजनकाट्यांच्या कारखान्यात होती. काट्याच्या पोटात नखाएवढी चिप असते, तिला वजन करायला शिकवायचं हे तिचं काम. तिथली भाषा साधी सी. सी ही जागेनं चालणारी भाषा. एक पेटी, पेटीत कप्पे. पहिल्या कप्प्यात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. कप्प्यावर नाव लिहितात ते माणसाच्या समाधानासाठी. यंत्र नाव वाचत नाही, ठरलेलं अंतर चालून जातं आणि हात घालतं. हाताला काय लागलं, कुणी ठेवलं, का ठेवलं, विचारत नाही. धाकटीला हे मानवायचं. न बोलता काम उरकणारी माणसं तिला आधीपासूनच बरी वाटत.

कारखाना मिटला तेव्हा ती घरी बसून प्लग-इन लिहायला लागली. आवाजाचं काम करणारे मोठमोठे प्रोग्रॅम असतात, त्यांच्या घरात जाऊन बसणारे हे छोटे प्रोग्रॅम. कुणी खरखर काढतो, कुणी आवाज जाड करतो. आवाजाचं गणित सीमध्येच, पण माणसाला दिसणारी खिडकी, बटणं, रंग, हे सगळं ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये. आणि ही दुसरी भाषा नावानं चालणारी. इथं काही हवं असेल तर हाक मारायची, ज्याचं नाव तो ओ देतो आणि काम करतो. धाकटीला पहिल्यांदा ही भाषा फार बडबडी वाटली. आळीत सगळ्या बायका गॅलरीत उभ्या राहून एकमेकींना हाका मारतायत असं वाटायचं. पण सवय झाली, मग गोडी लागली. ती आपल्या क्लासना, म्हणजे एकेक काम सांभाळणाऱ्या तुकड्यांना, माणसासारखी नावं द्यायला लागली. खिडकी दाखवणारी ती पडदेवाली. बटण फिरवणारी ती बटणवाली.

एकाच फाईलमध्ये दोन्ही भाषा सुखानं नांदायच्या. वरच्या ओळीत हाक, खालच्या ओळीत कप्पा. कुणी बटण फिरवलं की बटणवाली येणार, आकडा पेटीच्या कप्प्यात ठेवणार आणि निघून जाणार. आवाज पलीकडून वाहत येणार, कप्प्यातला आकडा वाचणार आणि पुढं जाणार. आवाजाच्या वाटेवर धाकटी कुणाला हाक मारू द्यायची नाही. हाक मारून ओ येईस्तोवर थांबलं तर आवाज तुटतो. तिथं नुसते कप्पे. तिथं सगळं मुकं आणि वाहतं. डोळे मिटले की तिला ती वाट दिसायची, पहाटेच्या ओढ्यासारखी, काठावर पेट्या मांडलेल्या आणि बटणवाल्या अनवाणी येऊन आकडे ठेवून जातायत.

आणि याच्यातूनच दादाची गोष्ट निघाली.

लहानपणी घराजवळ पाण्याची उंच टाकी बांधत होते. पाणी अजून भरलं नव्हतं. दोघं शिडीनं चढून आत उतरायची. आत अंधार, गार सिमेंटचा वास, आणि बोललं की आपलाच आवाज जरा उशिरानं मागून यायचा. त्या टाकीत दादा अडत नसे. आपला आवाज मागून यायला लागला की तो त्याचा हात धरल्यासारखा चालायचा, एक वाक्य, दुसरं वाक्य, भुतांच्या गोष्टी, मास्तरांच्या नकला. धाकटी भिंतीला पाठ लावून ऐकायची. मग टाकीत पाणी भरलं आणि दादा पुन्हा अडायला लागला.

एवढ्या वर्षांनी धाकटीनं ती टाकी प्लग-इनमध्ये बांधली. नाव ठेवलं पडसाद. दादा माईकमध्ये बोलणार, कानावरच्या हेडफोनमध्ये त्याला त्याचाच आवाज किंचित उशिरानं ऐकू येणार, आणि बाहेरच्यांना मात्र स्वच्छ, सरळ आवाज जाणार. एक बटण उशीर किती हवा त्यासाठी. दादाचा दम रोज सारखा नसतो, म्हणून ते बटण बोलायच्या आधी बसवून घ्यावं लागे.

पहिल्यांदा हेडफोन घातला तेव्हा दादा धागा का तुटतो हे सांगायला लागला आणि चहा गार होईपर्यंत थांबलाच नाही. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "एवढं बोलतात हे आधी माहीत असतं तर लग्नाचा विचार केला असता." आणि तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

धाकटीनं ते सगळं ध्वनिमुद्रित करून गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर नेलं. दादाला न विचारता. केंद्र चालवणाऱ्या बाईंना धाकटी ठाऊक होती. पंख्याची घूं काढून टाकणारं 'चाळण' नावाचं प्लग-इन तिनंच पूर्वी त्यांना करून दिलं होतं आणि ते तिथं रोज चालू असायचं. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "असा माणूस हवाच. घरातली यंत्रं कशी सांभाळायची, दर आठवड्याला. पण मुद्रित नको हो, थेट हवं. लोक फोन करून विचारतील, त्यांना उत्तरं द्यायची."

दादा आधी रागावला. मग आरशासमोर दाढी करताना पुटपुटायला लागला. मग एक दिवस वहिनीला म्हणाला की चांगला शर्ट इस्त्री करून ठेव.

तर त्याच चांगल्या शर्टात काल तो चाचणीला गेला आणि फजिती झाली.

केंद्रात काचेच्या खोलीत दादा बसला. काचेपलीकडे धाकटी आणि बाई. धाकटीनं पडसाद उघडलं, बटण फिरवलं, आकडा नीट बसवला. दादा एकदम दचकला आणि हेडफोनवर हात नेला. धाकटीला वाटलं माईकचा आवाज जास्त झाला असेल, तो तिनं कमी केला. मग काचेतून हातानं विचारलं, मागून येतोय का? दादानं मान हलवली. येतोय. बाईंनी बोट वर केलं, दिवा लागला, आणि दादा 'नमस्कार'च्या 'न'वर अडला.

तो अडला तो अडलाच. डोळे मिटले, मान ओढली, काचेपलीकडे त्याचे ओठ आवाज न येता हलत राहिले. बाई चांगल्या होत्या, त्यांनी दिवा बंद केला आणि पाणी दिलं. पुन्हा एकदा झालं, तसंच. निघताना त्या धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुरुवारी कार्यक्रम सुरू होतो. त्याआधी एकदा घेऊन या त्यांना. नाहीतर मी त्या वेळेला गाणी लावीन. त्यात कमीपणा काही नाही."

घराच्या पायरीशी आल्यावर दादा म्हणाला, "त, त, तुझं यंत्र ठीक आहे. जीभ माझी आहे. पुन्हा न, नको."

आणि आता तो खाली मशीन खोलून बसला होता आणि वर धाकटी सकाळपासून पडद्याकडे बघत होती.

"तुझं यंत्र इथं चालतंय ना?" वहिनीनं विचारलं.

"इथं झक्कास चालतंय. काल रात्रीपासून बघतेय. सीचा भाग ओळ न् ओळ तपासला. कप्पे बरोबर, आकडे बरोबर, उशीर बरोबर."

"मग त्यांचं खरं का?"

"काय खरं?"

"की जीभ त्यांची."

धाकटीनं पडद्यावरची फाईल पुन्हा वर सरकवली. कारण तिला नेमकी त्याचीच भीती होती. यंत्र चुकलं असेल तर दादा पुन्हा जाईल. यंत्र बरोबर असेल तर दादा गेला, कायमचा गेला, पुन्हा हेडफोन कानाला लावणार नाही. जन्मभर चूक शोधून काढून टाकायचं काम केलेली बाई पहिल्यांदाच मनातून म्हणत होती की चूक सापडू दे.

वहिनी परात उचलून उठली. जाता जाता म्हणाली, "पाहुणा आपल्या घरी शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन माती खातो, तर त्याला त्या घरी जाऊन बघ ना. इथं बसून काय दिसणार?"

त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, धाकटी एकटीच केंद्रावर गेली. जेवणानंतरची सुस्त वेळ, बाई आपल्या खुर्चीत पेंगत होत्या, गाणी आपोआप लागत होती. काचेची खोली रिकामी. दादा बसला होता ती खुर्ची अजून त्याच्यासाठी ओढलेली तशीच होती. धाकटी त्या खुर्चीत बसली, हेडफोन घातला. भिंतींवर जाड मऊ कापड होतं, आवाज भिंतीत शिरून नाहीसा व्हायचा. तिला वाटलं, आपण टाकीत उतरलोय आणि टाकी मुकी झालीय.

संगणक तिनं खोलीत ओढून घेतला. पडसाद उघडलं, बटणावर बोट ठेवलं, फिरवलं. "दादा," ती माईकमध्ये म्हणाली. आवाज कानात धाडकन आदळला. मोठा, पण उशिरा नाही. मागून काही आलंच नाही. तिनं बटण आणखी फिरवलं. आवाज आणखी मोठा. उशीर नाहीच.

म्हणजे काल दादाला पडसाद ऐकूच आला नव्हता. कानठळ्या बसवणारा त्याचाच आवाज, आणि बाकी मुकं.

ती खुर्चीत मागे टेकली. आनंद व्हायला हवा होता, पण आधी नवल वाटलं. उशिराचं बटण फिरवलं तर आवाज का वाढावा? तिनं बटण खाली आणलं, अगदी तळाशी, आणि पुन्हा वर नेलं. आणि तिला ते दिसलं.

तळाशी बटण अडखळलं. अगदी बारीक. पहिल्या ठिपक्यापाशी उचकी लागल्यासारखं थांबलं, थरथरलं, आणि मग एकदम सुटलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण धाकटीच्या लक्षात आलं. ही उचकी तिच्या ओळखीची होती. ही तिनं स्वतः कधीकाळी लिहिली होती आणि मग लाज वाटून स्वतः दुरुस्त केली होती. पडसादच्या बटणात ती नव्हतीच. घरी बटण लोण्यासारखं फिरायचं.

भर दुपारी ओळखीच्या दारात हाक मारावी आणि आपणच बाहेर यावं, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, वेणीला जुनी रिबीन बांधलेले, तसं तिला झालं. ती त्या बटणाकडे बघत राहिली. पलीकडे गाणं संपून दुसरं लागलं. बाईंचा डोळा लागला होता. ती बटण खाली वर, खाली वर करत राहिली आणि ते दर वेळी तसंच अडखळत राहिलं, कुणीतरी जुनं माणूस 'मी आहे ना, मी आहे' म्हणत असल्यासारखं.

मग तिला सगळं एकदम समजलं आणि तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

पडसाद लिहायला घेताना तिनं नेहमीप्रमाणे मागच्या कामातली फाईल उचलली होती. चाळणमधली बटणवाली. ती आणली, दुरुस्त केली, कप्प्यांची मांडणी नव्या कामाप्रमाणे बदलली. नाव मात्र बदललं नाही. कशाला बदलायचं? साध्या सीमध्ये आपल्या फाईलपुरतं एखादं काम असेल तर त्याच्यापुढं एक शब्द लिहिला की ते घरातल्या घरात राहतं. शेजारी त्याच नावाचं कुणी असलं तरी दोघांची गाठ पडत नाही. जन्मभर सीत राहिलेल्या धाकटीनं हाताच्या सवयीनं तेच इथंही धरलं. पण ऑब्जेक्टिव्ह-सीच्या क्लासना असं घर नसतं. त्या यजमान प्रोग्रॅममध्ये जेवढी प्लग-इन शिरतात त्या सगळ्यांच्या बटणवाल्या एकाच अंगणात उभ्या असतात. हाक मारली, "बटणवाले", तर कुणीतरी एकच उठते. आणि इथं चाळण आधीपासून चालू. त्यामुळे जुनी बटणवाली आधी अंगणात येऊन बसलेली. नवीला कुणी विचारलंच नाही.

घरी चाळण नव्हतं, म्हणून घरी सगळं ठीक.

आणि जुनीचा दोष काय? तिला शिकवलेलं तसं ती करत होती. आकडा घ्यायचा, पेटीच्या पहिल्या कप्प्यात ठेवायचा. चाळणच्या पेटीत पहिल्या कप्प्यात घूं किती काढायची ते असे. पडसादच्या पेटीत पहिल्या कप्प्यात आवाज किती मोठा ते होतं, उशीर दुसऱ्यात. आणि सीच्या पेटीनं विचारलं नाही, बाई तू कोण, कुठल्या घरची. कप्पा उघडा होता, तिनं आकडा ठेवला, झालं. नावात घोळ झाला आणि जागेनं तो निमूटपणे पोटात घालून घेतला.

यंत्रानं तर सांगितलंही होतं. केंद्राच्या संगणकावर जिथं बारीकसारीक तक्रारी नोंदल्या जातात तिथं पडसाद उघडलं की दर वेळी एक ओळ उमटत होती की बटणवाल्या दोन आहेत, मी कुठलीतरी एक घेईन, कुठली ते विचारू नका. त्या कोपऱ्यात कोण कशाला बघायला जातंय.

तिनं चाळण बंद केलं, सगळं पुन्हा सुरू केलं, बटण फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. "दादा," ती म्हणाली. आणि मागून, जरा उशिरानं, टाकीच्या भिंतीवरून आल्यासारखं, 'दादा' आलं. बराच वेळ ती नुसती एकेक शब्द माईकमध्ये सोडून तो परत यायची वाट बघत बसली.

"तुम्ही कधी आलात?" बाई जाग्या झाल्या होत्या. "सापडलं काही?"

"सापडलं. मीच सापडले."

"म्हणजे आता हे चाळण काढून टाकायचं का? पंखा फार घूं करतो हो."

"काही काढायचं नाही. उद्या सगळं एकत्र चालेल. पंख्यालाही चालू द्या."

घरी आली ती वर न जाता दुकानातच शिरली. दादा एक जुनं मशीन उलटं करून बसला होता. त्याच्या बाकावर वाट्या मांडलेल्या, वाटीवाटीत स्क्रू, चकत्या, स्प्रिंगा, आणि प्रत्येक भागाला रंगीत दोऱ्याचं टोक गुंडाळलेलं. एका गिऱ्हाइकाचा लाल, दुसऱ्याचा पिवळा. हे त्याचं जुनं वळण. दोन मशीनचे खालचा दोरा धरणारे शटल दिसायला तंतोतंत सारखे असतात, पण एकाचा दुसऱ्यात बसवला की टाके सुटतात, आणि मग दिवसभर शोधत बसा.

धाकटी स्टुलावर बसली आणि सांगितलं. जुनी बटणवाली, अंगण, पहिला कप्पा, सगळं. दादा स्क्रू पिळत ऐकत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"म्हणजे म, मागून येतच नव्हता?"

"नव्हता. मी काचेतून विचारलं तेव्हा मान का हलवलीस मग?"

दादानं स्क्रू पुन्हा पिळायला घेतला. "नाही म्हटलं असतं तर तू व, विचारलं असतंस, मग काय ऐकू येतंय. ते सांगायला बोलावं लागलं असतं."

खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून धाकटीनं बोटाला गुंडाळला.

"आणि तू," दादा म्हणाला, आणि आता त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, "इतकी वर्षं या ब, बाकाच्या वर बसतेस. वाट्या बघतेस. आणि दोन घरचे भाग बि, बिनदोऱ्याचे ठेवलेस?"

"ठेवले."

"माझ्या हाताखाली असतीस तर कान प, प, पिळला असता."

"पिळ आता. मग उद्या शर्ट घाल."

दादानं कान पिळला नाही. पाना खाली ठेवला, हात पुसले आणि जिन्याकडे तोंड करून वहिनीला हाक मारली. शर्ट कुठं आहे म्हणून. वरून उत्तर आलं की तो धुवायला टाकलाय, कारण काल आल्यावर तुम्हीच तो बोळा करून कोपऱ्यात फेकला होता.

धाकटीचं काम संध्याकाळ व्हायच्या आत झालं. पडसादची बटणवाली, चाळणची बटणवाली, दोघींच्या नावापुढं आपापल्या घराचं नाव, आडनाव लावल्यासारखं. पडदेवाल्यांनाही लावलं. बुधवारी चाचणी झाली. दादा अडला दोनदा, पण चालला.

गुरुवारी कार्यक्रम. काचेच्या खोलीत दादा, बाहेर धाकटी. पंखा चालू, चाळण चालू, पडसाद चालू. धाकटीनं बटण फिरवलं आणि काचेतून हातानं विचारलं. यावेळी दादानं मान हलवली नाही. दिवा अजून लागला नसताना तो ओठ हलवून म्हणाला, येतोय. तोंडानं म्हणाला.

दिवा लागला. 'न'वर तो थांबला. मग त्याच्या कानात त्याचाच 'न' टाकीच्या भिंतीवरून परत आला असावा, कारण त्यानं डोळे मिटले, आणि यावेळी अडल्यामुळं मिटले नाहीत. "नमस्कार," तो म्हणाला, आणि चालायला लागला. मशीनला तेल कुठं घालायचं. किती घालायचं. सुई उलटी बसवली की काय होतं. मास्तरांची नक्कल करावी तशी त्यानं तक्रार करणाऱ्या मशीनची नक्कल केली आणि केंद्रवाल्या बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मध्ये एका शब्दावर अडला, पण घाबरला नाही. थांबला, मागून येणारा आवाज धरला, पुढं गेला.

फोन आले. एकीचा धागा गुंतत होता, एकाचा पट्टा सटकत होता. दादानं सांगितलं. मग तिसरा फोन लागला आणि स्पीकरमधून एक बाईमाणसाचा आवाज खणखणीत आला.

"माझ्या घरी एक मशीन आहे. लग्नात आलेलं. दहा वर्षं झाली, बंद पडलंय. घरातल्या माणसाला दिवाळखोराच्या वायद्यासारखं उद्या करतो, उद्या करतो एवढंच येतं. काय करावं?"

धाकटीनं खाली मान घातली. काचेपलीकडे दादाचे कान लाल झाले. दिवा लाल जळत होता, सगळं गाव ऐकत होतं.

"बाई," दादा म्हणाला, एकदाही न अडता, "ते मशीन दुकानात आणून द्या. बघतो."

"दुकान खालीच आहे," आवाज म्हणाला. "उचलायला कोण येणार?"

"मी येतो."

"बरं. ऐकतेय मी," असं म्हणून फोन ठेवला गेला.

त्या दुपारी वरच्या खोलीत चादरी वाळत होत्या. वहिनी कुठं दिसली नाही. खालून मात्र घरघर येत होती, नवी, जड, जुन्या लोखंडाची, थांबत थांबत येणारी. धाकटीनं टेबलाखाली पाय सोडले आणि क्षणभर नुसतं ऐकलं. मशीन अजून दादाचं ऐकत नव्हतं. ऐकेल.

तिच्यापुढं यादी उघडी होती. इतक्या वर्षांत दूरदूरच्या लोकांना करून दिलेली प्लग-इन, कुणाला खरखर काढायला, कुणाला आवाज जाड करायला. आणि प्रत्येकीत एकेक बिनआडनावाची बटणवाली, कुठल्या ना कुठल्या अंगणात उन्हाला बसलेली, हाक आली की आधी उठायच्या तयारीत. धाकटीनं सगळ्यात जुनी फाईल उघडली, नावापाशी गेली आणि टंकायला लागली.